साच्याला हात लावू नये

आमच्या इमारतीच्या सचिवपदासाठी माझी एकमताने निवड झाली, याचा अर्थ त्या सभेला मी हजर नव्हतो. हजर असतो तर इतरांसारखाच मान खाली घालून चपलेचा अंगठा तपासत बसलो असतो. पण मी उशिरा पोहोचलो, दारातच टाळ्या वाजल्या, आणि कोणाचा तरी सत्कार चाललाय असं समजून मीही वाजवल्या. स्वतःच्या बळी जाण्याला स्वतःच टाळ्या वाजवणारा दुसरा सचिव आमच्या इमारतीच्या इतिहासात नसावा.

पद रिकामं का झालं, तेही सांगायला हवं. आधीचे सचिव अतिशय सज्जन. त्यांना ईमेलवर 'आपले पार्सल अडकले आहे' अशी एक फाइल आली. त्यांनी काहीच मागवलं नव्हतं, पण आपल्यामुळे कोणाचं तरी अडायला नको म्हणून त्यांनी ती उघडली. त्यानंतर आठवडाभर इमारतीच्या ईमेलवरून प्रत्येक रहिवाशाला, पाणीपुरवठा खात्याला आणि लिफ्टच्या कंपनीला केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात जात होती. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी ते तेल मागवलंसुद्धा. "सचिवांच्या सहीने आलं म्हणजे समितीने वापरून बघितलंच असणार," असं त्यांचं म्हणणं होतं. तेल आलं नाही, केस आले नाहीत आणि सचिवांनी राजीनामा दिला.

आपल्या हातून असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. मी एकूण सावध माणूस आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जिन्यावरून परत येतो, आणि परत आलो त्या गडबडीत दार लावलं की नाही हे बघायला पुन्हा येतो. तेव्हा मी माझ्या मेहुण्याला फोन केला. मेहुणा संगणकाच्या सुरक्षेत आहे. म्हणजे नक्की काय करतो हे तो कोणालाच सांगत नाही, त्यामुळे तो फार मोठ्या हुद्द्यावर असावा, असा घरात समज आहे.

"भावोजी, तुमच्यासारख्यांसाठी एक वेगळी सिस्टिम आहे," तो म्हणाला. 'तुमच्यासारख्यांसाठी' हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता.

त्याने समजावलं ते असं. या सिस्टिममध्ये एका लॅपटॉपच्या पोटात अनेक संगणक असतात. त्यांना खोल्या म्हणू. इमारतीच्या कामाची एक खोली, बायकोच्या लेखनाची दुसरी, महत्त्वाच्या कागदांची तिसरी, तिला बाहेरचं वारंसुद्धा लागत नाही, म्हणजे इंटरनेट नाही. एका खोलीत चोर शिरला तरी दुसऱ्या खोलीत त्याला जाता येत नाही. आणि खरी गंमत म्हणजे फेकण्याच्या खोल्या. संशयास्पद फाइल आली की ती उघडायला एक कोरी करकरीत खोली तयार होते. फाइल बघायची, खिडकी बंद करायची, की खोली, फाइल, चोर, सगळं नाहीसं. पुढच्या वेळी पुन्हा नवी खोली.

"आणि ही नवी खोली येते कुठून?" मी विचारलं. मी अगदीच अडाणी नाही.

"साच्यातून. एक साचा तयार करायचा, त्यात लागेल तो फॉन्ट, कीबोर्ड बसवायचा, मग त्यातून निघणारी प्रत्येक खोली तशीच निघते. मग प्रत्येक कायमच्या खोलीला सांगून ठेवायचं, की फेकण्याची खोली लागली तर डिफॉल्ट साचा, म्हणजे न विचारता वापरायचा साचा, कोणता. एवढं नीट लावा, बाकी सगळं आपोआप होतं. फक्त एक लक्षात ठेवा. साच्याच्या आत जाऊन कधी काम करायचं नाही. साच्यात डाग पडला, तर प्रत्येक खोली डागासकट जन्माला येणार."

हे मला इतकं पटलं की मी कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर 'साच्याला हात लावू नये' असं सुवाच्य लिहिलं आणि ती लॅपटॉपच्या पडद्याखाली चिकटवली.

लॅपटॉप घरात एकच, आणि त्याच्यावर माझ्याइतकाच, खरं तर जास्त, बायकोचा हक्क होता. ती शिवणाचा क्लास घेते. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर एका प्रकाशकबाईंनी तिला कपड्यांच्या कापणीवरचं पुस्तक लिहायला सांगितलं होतं. महिनाअखेर पुस्तक हातात हवं, नाहीतर समोरच्या रस्त्यावरच्या क्लासवाल्या बाई तयारच आहेत, असंही त्यांनी गोड आवाजात कळवलं होतं. या समोरच्या बाई म्हणजे बायकोचीच जुनी विद्यार्थिनी, जिला बाही उलटी लावायची सवय होती. तेव्हा हे पुस्तक वेळेवर होणं हा आमच्या घरातला एकमेव खरा प्रश्न होता. माझं सचिवपद, लिफ्टचं करकरणं, जगातली युद्धं, हे सगळं त्याच्या खालोखाल.

मी तिच्या लिहून झालेल्या प्रकरणांची प्रत बाजूला काढली, नवी सिस्टिम बसवली, आणि 'लेखन' खोलीत प्रत परत ठेवली. खोल्यांची नावं रोमन लिपीतच द्यावी लागतात, तशी दिली. हे सगळं पहिल्या झटक्यात जमलं, आणि इथेच मी थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मग मी डिफॉल्ट लावायला बसलो. प्रत्येक खोलीच्या सेटिंगमध्ये एक रकाना असतो. तिथे मी एकेक करून साच्याचं नाव निवडलं. कामाच्या खोलीला साचा, लेखनाला साचा, कागदांच्या बंद खोलीलाही साचा. मला समानतेचं तत्त्व प्रिय आहे. अभिमानाने मेहुण्याला कळवलं.

"बंद खोलीला पण?" तो म्हणाला. "भावोजी, तुमच्या साच्याला इंटरनेट आहे. म्हणजे तुम्ही तिजोरीला आतून एक दार काढलंत, आणि ते रस्त्यावर उघडतं."

मी ते दार बुजवलं. त्याच्याआधी बंद खोलीत कोणीच शिरलं नव्हतं, पण तेव्हापासून मला तिथून वारा येत असल्यासारखं वाटायला लागलं.

यानंतर मी इमारतीचा वार्षिक अहवाल लिहायला घेतला. फार मन लावून लिहिला. गच्चीच्या गळतीवरचा परिच्छेद तर असा उतरला होता, की वाचून भिंतीला दुःख व्हावं. लिहिला, सेव्ह केला, खिडकी बंद केली, आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी फेकण्याच्या खोलीत बसलो होतो. सिस्टिमने आपलं काम चोख केलं होतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. फेकण्याच्या खोलीत पीडीएफ बघायची, वेबसाइट बघायची, पण लिहायचं काही नाही.

त्याच सुमारास बायको एकदा म्हणाली, "अहो, या तुमच्या 'लेखन'मध्ये मराठी उमटत नाहीये. नुसते चौकोन येतात."

मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड मी साच्यात बसवले होते आणि 'लेखन'मध्ये बसवायचे राहिले होते. पण त्या वेळी मी नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटशी झुंजत होतो. "बघ ना जरा तुझं तू," असं मी म्हणालो. ती "बरं" म्हणाली. आमच्या संसारात 'बरं' या शब्दानंतर मी कधीच मागे वळून पाहत नाही, आणि पाहायला हवं.

नोंदणी कार्यालयाचं प्रकरण थोडं वेगळं. नवा सचिव झाल्याची नोंद तिथे ऑनलाइन करावी लागते. मी सावधपणे ती वेबसाइट फेकण्याच्या खोलीत उघडत असे. त्यामुळे दर वेळी वेबसाइट मला विचारायची, 'आपण येथे प्रथमच येत आहात का?' मी संकेतशब्द टाकायचो, लहानपणीच्या लाडक्या प्राण्याचं नाव सांगायचो, अर्ज अर्धा भरायचो, तेवढ्यात कोणीतरी दाराची बेल वाजवायचं आणि मी सवयीने खिडकी बंद करायचो. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एक दिवस लाल अक्षरांत निरोप आला, की संशयास्पद हालचालींमुळे आपले खाते गोठवले आहे. प्रत्यक्ष भेटावे.

काचेपलीकडे बसलेल्या कारकुनाने पडदा माझ्याकडे वळवला. "साहेब, हे काय आहे? एकच माणूस रोज नव्या संगणकावरून येतो. आम्हाला वाटलं टोळी आहे."

"ते सगळे माझेच संगणक आहेत."

"सगळे? मग आहेत कुठे?"

"फेकून दिले," मी म्हणालो.

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई जराशा मागे सरकल्या. कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एवढे संगणक वापरून टाकून देता? काय करता तरी काय तुम्ही?"

"इमारतीचा सचिव आहे."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला, आणि माझ्या अर्जावर 'पडताळणी प्रलंबित' असा शिक्का मारला. त्या ओल्या शिक्क्याची शाई मी घरी येईपर्यंत माझ्या अंगठ्यावर होती.

इमारतीत या सगळ्याची चर्चा झालीच. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, दवाखाना तिथेच. लिफ्टशी गाठ पडली की ते सल्ला देतात, कारण तोंड उघडलेला माणूस समोर नसला की त्यांनाच बोलावं लागतं. "मी सांगतो, वायर काढून टाका," ते म्हणाले. "इंटरनेट म्हणजे कीड. मुळापासून उपटायची." मुख्याध्यापकांचं मत वेगळं होतं. आमच्या वेळी सगळं कागदावर होतं आणि कागदाला एकच धोका, वाळवी, असं ते म्हणाले. तेलाबद्दल बोलले नाहीत. टोपी मात्र घालायला लागले होते.

शेवटी समितीने ठराव केला, की मी ही सुरक्षित सिस्टिम सर्वांना प्रत्यक्ष करून दाखवावी. दवाखान्यात मुलांना दात घासायची फिल्म दाखवायला एक पडदा आहे, तिथे सभा ठरली. खरं सांगतो, मी खूश झालो. सचिव झाल्यापासून माझ्या अब्रूला जे ओरखडे पडले होते ते एका संध्याकाळीत भरून निघतील, असं मला वाटलं.

सभेच्या आदल्या दिवशी बायको बहिणीकडे होती. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जाताना ती म्हणाली, "पुस्तक संपलं हो. परत आले की एकदा वाचते आणि पाठवून देते. परवा शेवटची तारीख आहे." मी तिचं अभिनंदन केलं आणि सभेच्या तयारीला लागलो.

तयारी म्हणून सिस्टिम अपडेट केली. लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागेल, असा निरोप आला. बायको लॅपटॉप कधी बंद करत नाही, नुसतं झाकण मिटते, त्यामुळे आत कुठली कुठली खिडकी उघडी होती. काही खोल्या अजून चालू आहेत, बंद करू का, असं सिस्टिमने विचारलं. मी 'हो' म्हटलं. लाल चौकटीची एक खिडकी मिटताना तिच्यात मराठी ओळी दिसल्या, पण लाल चौकट मी फेकण्याच्या खोल्यांना दिली होती, तेव्हा काही बिघडलं असं वाटलं नाही.

मग चहा घेताना माझ्या मनात आलं, की फेकण्याच्या खोलीत मी तर मराठी लिहीत नाही.

कप तसाच ठेवून मी 'लेखन' उघडलं. पुस्तकाची फाइल होती, पण सिस्टिम बसवली त्या दिवशीची. पुढचं काही नाही. मग सगळा उलगडा झाला. 'लेखन'मध्ये मराठी उमटत नव्हती म्हणून ती फेकण्याच्या खोलीत लिहीत होती. झाकण नुसतं मिटत असल्यामुळे ती खोली जिवंत राहिली होती. आणि मी तिला 'हो' म्हणून मारलं होतं.

मेहुण्याला फोन केला. "फेकण्याच्या खोलीतलं परत मिळतं का रे काही?"

"मिळालं असतं तर तिला फेकण्याची कशाला म्हटलं असतं?" मग त्याला शंका आली. "काय झालं, भावोजी?"

"काही नाही. सहज विचारलं."

मी घरातल्या सगळ्या खोल्या, म्हणजे लॅपटॉपमधल्या, पालथ्या घातल्या. कामाची बघितली, बंद खोली बघितली, 'लेखन'मधली कचऱ्याची पेटी बघितली. साचा तेवढा बघितला नाही. साच्यात कोणी काही लिहीत नसतं. तशी पट्टीच लावली होती मी. रात्री जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांच्या क्लासमधलं सगळं तिने त्या पुस्तकात ओतलं होतं, आणि ते समोरच्या उलट्या बाहीवाल्या बाईंच्या घशात घालण्याचं काम मी सुरक्षितपणे पार पाडलं होतं. माझी सिस्टिम कोणालाच आत येऊ देत नव्हती. घरातला माणूस आतच असतो, त्यावर तिच्याकडे काही इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखा लॅपटॉप घेऊन दवाखान्यात उतरलो. सभा रद्द करायचं मनात होतं, पण डॉक्टरांनी पडदा लावून ठेवला होता आणि खुर्च्या भरल्या होत्या. बायको परस्पर तिथेच आली. प्रवासाची पिशवी पायाशी ठेवून मागच्या रांगेत बसली आणि माझ्याकडे बघून हसली. ते हसू बघवेना.

"तर मंडळी," मी म्हणालो, "ही बघा एक अनोळखी फाइल. ही मी आता फेकण्याच्या खोलीत उघडतो." मुद्दाम मी सगळ्यांना समजेल असं एक साधं, टाइप केलेलं निमंत्रण निवडलं होतं. टिचकी मारली. नवी खोली तयार व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मी कोरेपणाचं महत्त्व सांगितलं. "या खोलीला भूतकाळ नाही. हिला आपल्या घरातलं काहीसुद्धा ठाऊक नाही."

पडद्यावर चौकट आली: 'मागील वेळी आपले काम अर्धवट राहिले. ते परत आणावे काय?'

मागील वेळ? जिला भूतकाळ नाही त्या खोलीची मागील वेळ कुठली? पण आदल्या दिवसापासून मला 'हो' म्हणायची सवय लागली होती. मी 'हो' म्हटलं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत मजकूर उमटला. डॉक्टरांना दूरचं स्वच्छ दिसतं. ते मोठ्याने वाचायला लागले.

"'बेढब बांध्याची कापणी. नमुन्यासाठी घरातलाच एक मध्यमवयीन पुरुष घेतला आहे. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. पाठीला बाक आहे, परंतु तो हे मान्य करत नाही. माप घेताना हा नमुना श्वास ओढून पोट आत घेतो. अशा वेळी त्याला बोलते करावे आणि तो उत्तर देत असताना टेप लावावी. विषय म्हणून संगणक चांगला.'"

डॉक्टर थांबले. सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या खांद्याकडे. मुख्याध्यापकांनी टोपी काढून मन लावून पाहिलं. मी नकळत श्वास ओढला होता, आणि तोही सगळ्यांच्या लक्षात आला.

अशा प्रसंगी माणसाला लाज वाटते. मला वाटली नाही. माझा जीव भांड्यात पडला होता. "आहे!" मी ओरडलो. "अगं, आहे! पुस्तक आहे!"

"असणारच की," बायको मागून म्हणाली. "जाईल कुठे?"

तिचं म्हणणं तिने तिथेच, पिशवी मांडीवर घेऊन सांगितलं. 'लेखन'मध्ये मराठी उमटेना, तेव्हा ती यादीत शोधत गेली आणि तिला साचा दिसला. फाइलवर 'दुसऱ्या खोलीत पाठवा' असं येतं, म्हणून तिने पुस्तकाची प्रत तिकडे पाठवली आणि पुढचं तिथेच लिहिलं. "क्लासात पहिल्या दिवशी मी हेच सांगते. कापडावर खुणा करायच्या नाहीत, कापड गिऱ्हाइकाबरोबर जातं. जी काय दुरुस्ती ती कागदाच्या साच्यावर करायची, तो आपल्याकडे राहतो. तुमच्या यादीत साचा बघितला, म्हटलं चला, एवढं तरी यांना कळलं."

"आणि ती पट्टी? 'हात लावू नये' म्हणून?"

"ती मीपण लावते माझ्या साच्यांवर. दुसऱ्यांसाठी."

खोल्या चौकटीचा रंगही साच्याकडूनच घेतात, म्हणजे आदल्या दिवशीची ती लाल खिडकी साच्याचीच होती. तिने साच्यात लिहिलं, मी तो आडदांडपणे बंद केला, आणि त्याचं अर्धवट राहिलेलं काम आता त्यातून निघणाऱ्या प्रत्येक खोलीला जन्मतःच आठवत होतं. सभेने आभार मानून चहा घेतला. सिस्टिम सुरक्षित आहे की नाही यावर मतदान झालं नाही, पण माझा खांदा खाली आहे यावर एकमत झालं. डॉक्टर म्हणाले, दातांमुळेही असं होतं, एकदा येऊन जा.

घरी आल्यावर मी पुस्तक साच्यातून 'लेखन'मध्ये आणलं, तिथे फॉन्ट आणि कीबोर्ड बसवले, आणि तिने ते वाचून वेळेत पाठवलं. प्रकाशकबाईंचा होकार आला. समोरच्या बाईंचा विषय संपला. फेकण्याच्या खोलीत तिचं लिखाण गेलं असं समजून मी एक रात्र जेवलो नव्हतो, हे मी तिला सांगितलं. "तरीच पोट आत गेल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ बसली.

मेहुण्याला सगळं कळवलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला असावा, तसा आवाज आला. "तो साचा आजच्या आज पुसा, भावोजी. डागाळलाय तो. नवा करा, कोरा, आणि डिफॉल्ट त्याचं लावा." मी तसं केलं. नवा साचा केला, प्रत्येक खोलीचं डिफॉल्ट बदललं, बंद खोलीचा रकाना रिकामा ठेवला, जुना पुसला. मग तपासायला एक फेकण्याची खोली उघडली. आत काहीही नव्हतं. अगदी नियमाप्रमाणे. मला ती ओकीबोकी वाटली.

तेव्हा मी 'लेखन'मध्ये जाऊन तिचं ते प्रकरण काढलं आणि सभेत वाचायचं राहिलेलं शेवटचं पान वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'अशा बांध्याला पहिल्या खेपेस कपडा कधीच बसत नाही. पुष्कळजण कंटाळून साचा फाडतात आणि नवा काढतात. मी फाडत नाही. हा नमुना मी लग्नापासून दुरुस्त करत आले आहे. आता त्यात माझा इतका हात लागला आहे, की कोरा दिला तरी मी घेणार नाही.'

एवढं पान मी नव्या साच्यात ठेवून दिलं. आता मी कुठलीही संशयास्पद फाइल उघडली, की जी कोरी खोली तयार होते तिच्यात ते आधीच येऊन बसलेलं असतं. खिडकी बंद केली की जातं, पुढच्या वेळी पुन्हा असतं. मेहुणा म्हणतो, ही सुरक्षेतली गंभीर त्रुटी आहे. असेल. मी ती डिफॉल्ट ठेवली आहे.